फोनने टॅप करण्याआधी बँकेतले बटण सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानाच्या गल्ल्यावर हल्ली हे रोज पाहायला मिळते. ग्राहक फोन मशीनला टेकवतो. मशीन गप्प बसते किंवा ‘डिक्लाइन्ड’ दाखवते. मागे रांग खोळंबते आणि दुकानदार म्हणतो, “राहू द्या, क्यूआर स्कॅन करा.” मग फोन बिघडला असेल, मशीन जुने असेल, नेट नसेल, असे तर्क सुरू होतात. अनेकदा यातले काहीच झालेले नसते. त्या कार्डाची टॅपची सोय बँकेकडेच बंद असते, आणि ती आपणहून सुरू करावी लागते हे ग्राहकाला कोणी सांगितलेले नसते. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून चालते. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर आणि टॅप या तिन्ही सोयी कार्डधारकाने स्वतः सुरू करायच्या असतात. तेव्हा हाती असलेल्या ज्या जुन्या कार्डांवर यांपैकी एखादी सोय कधीच वापरली गेली नव्हती, त्यांच्यावरही ती सक्तीने बंद करण्यात आली. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. न वापरलेले दार कुलूपबंद असावे हे योग्यच. पण किल्ली कुठे ठेवली आहे, हे घरच्यांना सांगायचे राहून गेले.

ती किल्ली बँकेच्या ॲपमध्ये असते. ‘कार्ड्स’ या भागात आपले कार्ड निवडावे, ‘मॅनेज कार्ड’ किंवा ‘कार्ड कंट्रोल’ अशा नावाच्या पानावर जावे, तिथे देशांतर्गत वापराखाली ‘काँटॅक्टलेस’ किंवा ‘टॅप अँड पे’ असे बटण असते. ते सुरू करून लगेच बाहेर पडू नये. त्याच पानावर मर्यादेचा आकडा असतो, आणि बटण सुरू पण मर्यादा शून्य रुपये अशी अवस्था असली तरी मशीन नकारच देते. पिन न टाकता टॅपने एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये भरता येतात. आधी ही मर्यादा २,००० होती, ती १ जानेवारी २०२१ पासून वाढली. ५,००० ही वरची हद्द आहे. आपण १,००० किंवा २,००० ठेवू शकतो, आणि किराणा-भाजीपुरता टॅप वापरणाऱ्यांनी तेवढीच ठेवावी असे माझे मत आहे. ज्यांच्याकडे बँकेचे ॲप नाही त्यांच्यासाठी नेट बँकिंग, एटीएम आणि फोनवरची स्वयंचलित सेवा यांतून हीच सोय देण्याची जबाबदारी त्या परिपत्रकाने बँकांवर टाकली आहे. बदल केला की तसा एसएमएस येतो. तो आला नाही तर बदल झाला नाही असे समजावे.

आता फोन. टॅपसाठी फोनमध्ये एनएफसी लागते. ही एक चिप आणि पाठीच्या झाकणाखाली बसवलेले तारेचे चपटे वेटोळे असते. ते नसेल तर कोणतेही ॲप टाकून ही सोय येत नाही, मग दुकानातला विक्रेता काहीही म्हणो. परदेशात एनएफसीसह विकले जाणारे काही मॉडेल आपल्याकडे त्याच नावाने एनएफसीशिवाय विकले जातात. त्यामुळे इंटरनेटवरचे वर्णन वाचून फोन घेऊ नये. दुकानातच सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीत एनएफसी हा शब्द टाकावा. काही सापडले नाही तर त्या फोनमध्ये ते नाही. असेल तर सॅमसंगमध्ये ते ‘कनेक्शन्स’खाली आणि इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’खाली सापडते. (पुढचे सगळे अँड्रॉइड फोनांविषयीच आहे.)

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. “माझ्याकडे गूगल पे आहेच, मग टॅप का होत नाही?” असे पुष्कळ जण विचारतात. क्यूआर स्कॅन करून जे पैसे जातात ते यूपीआयने, बहुधा थेट बँक खात्यातून जातात. टॅपमध्ये आपण जोडलेले डेबिट किंवा क्रेडिट कार्ड वापरले जाते. खाते जोडले म्हणजे कार्ड जोडले असे होत नाही. रुपे क्रेडिट कार्ड असणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यावे, कारण ते यूपीआयला जोडणे आणि टॅपसाठी बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आणखी एक गोंधळ नावाचा आहे. मे २०२४ मध्ये भारतात गूगल वॉलेट नावाचे वेगळे ॲप आले, ते बोर्डिंग पास, तिकिटे, सदस्यत्वाची कार्डे ठेवण्यासाठी. पैसे भरण्याचे काम गूगल पेकडेच राहिले. वॉलेट उतरवून त्यात बँकेचे कार्ड शोधत बसू नये.

कार्ड बसवायचे असे. गूगल पे उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवावे, पैसे भरण्याच्या पद्धतींच्या यादीत क्रेडिट किंवा डेबिट कार्ड जोडण्याचा पर्याय निवडावा, कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही भरावा. बँक नोंदलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवते. तो टाकला की कार्ड तयार होते. सगळ्या बँकांची सगळी कार्डे चालत नाहीत, आणि नकार बहुधा याच टप्प्यावर कळतो. सॅमसंगच्या फोनात हेच काम सॅमसंग वॉलेटमध्येही होते. काम झाले की कार्डाच्या पानावर टॅपची सोय सुरू असल्याची नोंद दिसते का, ते पाहूनच ॲप बंद करावे. प्लास्टिकच्या कार्डावर वायफायसारखी आडवी खूण नसली तरी फोनवरचा टॅप चालू शकतो.

ओटीपी दिल्यावर आत काय होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या निम्म्या अडचणी आणि एक मोठा धोका त्यातूनच येतो. आपल्या कार्डाचा खरा क्रमांक फोनमध्ये राहत नाही. त्याच्या जागी टोकन म्हणून दुसराच क्रमांक तयार होतो आणि तो त्या कार्डाला, त्या ॲपला आणि त्या एकाच फोनला बांधलेला असतो. रिझर्व्ह बँकेने ८ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकाने याला परवानगी दिली. या सेवेसाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतून संमती घ्यायची नाही, असे त्यात स्पष्ट आहे. दुकानदाराच्या मशीनला टोकन आणि त्या एका व्यवहारापुरती तयार झालेली सांकेतिक खूण, एवढेच मिळते. ते कोणी टिपून ठेवले तरी पुन्हा वापरता येत नाही. या बाबतीत गल्ल्यावर कार्ड दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा फोनचा टॅप निश्चितच बरा.

पण त्यामुळे पावतीवर शेवटचे चार आकडे वेगळे दिसतात. कपडे परत करायला गेल्यावर दुकानदार कार्ड मागतो, आकडे जुळत नाहीत आणि वाद होतो. पावतीवर टोकनचे आकडे असतात. ते ॲपमध्ये कार्डाच्या तपशिलात पाहायला मिळतात. ज्या फोनने पैसे भरले त्याच फोनने परताव्याचा टॅप करावा. कपड्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतल्या रोखपालांना ही एवढी गोष्ट शिकवली तरी पुष्कळ भांडणे टळतील.

मशीनसमोर करायचे थोडेच आहे. दुकानदाराने रक्कम टाकल्यावर पडद्यावर चार वक्र रेषांची खूण येते, तोवर थांबावे. रक्कम स्वतः वाचावी. फोनचे कुलूप उघडून तो चपटा धरून टेकवावा आणि एक-दोन सेकंद हलवू नये. घासत नेला की संपर्क तुटतो. एनएफसीचा पल्ला चारेक सेंटिमीटरच असतो. वेटोळे कुठे आहे ते फोनागणिक बदलते, काहींत कॅमेऱ्याजवळ तर काहींत पाठीच्या मध्यावर. मशीनमध्येही वाचण्याची जागा कधी पडद्यावरच, कधी पडद्याच्या वर, कधी बाजूला असते. एकदा नीट जागा सापडली की ती लक्षात ठेवावी. ५,००० च्या वरच्या रकमेला मशीन पिन मागते. तो कार्डाचा पिन असतो. यूपीआयचा किंवा फोनच्या कुलपाचा टाकला तर चुकीचा ठरतो. नेट नसतानाही काही टॅप होतात, कारण पुढच्या थोड्या व्यवहारांच्या चाव्या फोनमध्ये आधीच उतरवलेल्या असतात. त्या संपल्या की फोन पुन्हा नेटला जोडावा लागतो.

मशीनने काहीच प्रतिसाद दिला नाही, साधा बीपही आला नाही, तर आधी कव्हर काढून पाहावे. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी लावलेली धातूची चकती लहरी अडवते. त्याहून सर्रास आढळणारी चूक म्हणजे फोनच्या कव्हरमागे मेट्रोचे कार्ड किंवा ऑफिसचे ओळखपत्र खोचून ठेवणे. मशीनला एकाच वेळी दोन कार्डे दिसतात आणि ते दोन्ही नाकारते, किंवा नको त्या कार्डावर पैसे टाकते. मुंबई आणि पुण्यात मेट्रोने जाणाऱ्यांची ही सवय मोडायला हवी. मेट्रोच्या फाटकाचा विषय वेगळा आहे. तिथे चालणाऱ्या राष्ट्रीय मोबिलिटी कार्डात प्रवासाची शिल्लक कार्डाच्या चिपमध्येच साठवलेली असते आणि फाटक बँकेला न विचारता ती कापते. फोनमध्ये बसवलेल्या टोकनात अशी शिल्लक नसते, म्हणून गूगल पेचा टॅप तिथे कामाचा नाही. फोन वापरायचाच तर क्यूआर तिकीट काढावे.

बीप येऊन व्यवहार अडत असेल, किंवा फोन ‘दुसरे ॲप निवडा’ असे म्हणत असेल, तर एनएफसीच्या पानावर टॅपसाठीचे ठरलेले ॲप कोणते आहे ते बघावे. एकाहून जास्त पेमेंट ॲप असली की ही निवड नकळत बदललेली असते. शाओमीच्या काही फोनांत याशिवाय ‘सिक्युअर एलिमेंट’ नावाचा पर्याय असतो. तिथे ‘एचसीई वॉलेट’ निवडलेले नसेल तर गूगल पे कितीही नीट बसवले तरी टॅप होत नाही. फोन रूट केलेला (म्हणजे कंपनीने घातलेली सुरक्षेची बंधने तोडलेला) असेल किंवा प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली तो प्रमाणित नसल्याचे दिसत असेल, तर ॲप टॅपची सोय देतच नाही. आणि कार्ड अचानक गायब झाले तर पॅटर्न किंवा फोनचा पिन कोणी काढून टाकला का ते विचारावे. दुरुस्तीला दिलेल्या फोनाचे कुलूप दुकानदार काढायला लावतो, घरातली मुले कंटाळून काढतात. कुलूप गेले की सुरक्षेसाठी टॅपची कार्डे पुसली जातात आणि सगळे पुन्हा करावे लागते. नवा फोन घेतल्यावरही तसेच. टोकन जुन्या फोनाला बांधलेले असल्यामुळे बॅकअपमधून ते येत नाही. जुना फोन विकण्याआधी त्यातले कार्ड ॲपमधून काढावे, मग फोन पुसावा.

आता धोक्याविषयी. कार्ड बसवताना येणारा ओटीपी हा एका खरेदीचा ओटीपी नसतो. तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या फोनमध्ये आपले कार्ड बसते. मग तो मनुष्य दुकानोदुकानी जाऊन टॅप करू शकतो, आणि मर्यादेच्या आतल्या प्रत्येक खरेदीला आपल्याला काही विचारले जात नाही. “केवायसी अपडेट”, “रिवॉर्ड पॉइंट”, “पार्सलचे पाच रुपये” अशी कारणे सांगून कार्डाचा क्रमांक आणि मग ओटीपी काढून घेणारे हेच साधतात. आपण पाच रुपयांचा ओटीपी दिला असे समजतो, प्रत्यक्षात कार्डाची दुसरी प्रत दिलेली असते. म्हणून ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचावा. त्यात कार्ड जोडणे, टोकन, डिव्हाइस असे शब्द असतील आणि त्या क्षणी आपण स्वतः आपल्या फोनमध्ये कार्ड बसवत नसू, तर तो कोणालाही सांगू नये आणि बँकेला लगेच कळवावे. दुसरा प्रकार २०२४ मध्ये चेक प्रजासत्ताकात उघडकीस आला. बँकेचे म्हणून एक बनावट ॲप घ्यायला लावायचे आणि “पडताळणीसाठी कार्ड फोनच्या पाठीला लावा, पिन टाका” असे सांगायचे. ते ॲप कार्डाचा संकेत दूरवरच्या चोराच्या फोनकडे पाठवत असे. कोणी फोनवरून असे करायला सांगितले तर फोन तिथेच ठेवून द्यावा. परदेशी जायचे नसेल तर कार्डाचे परदेशातील वापराचे बटण बंदच असू द्यावे.

फोन हरवला तर सगळे कार्ड बंद करण्याची घाई नको, टोकन थांबवले की पुरते. ते करण्याची सोय बँकेने देणे बंधनकारक आहे. सोबत सिम बंद करावे आणि गूगलच्या ‘फाइंड हब’मधून (आधीचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’) फोन दुरून कुलूपबंद करावा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. बँकेला कळवण्याला इथे पैशांचे मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.

खात्यातून पैसे गेले पण मशीनमधून पावती आली नाही, असेही होते. अशा वेळी दुकानदाराशी भांडू नये. त्याला पैसे मिळालेले नसतात. ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, तीही न मागता. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बँकांकडे आणि मशीन पुरवणाऱ्या कंपन्यांकडे काही साध्या मागण्या आहेत. कार्डाच्या पाकिटात इंग्रजी नियमांची बारीक अक्षरांतली घडी असते. तिच्यासोबत टॅप कुठे सुरू करायचा आणि मर्यादा कशी ठरवायची एवढे सांगणारी एक मराठी चिठ्ठी घालावी. टोकनचा ओटीपी मराठीत यावा आणि पहिलेच वाक्य असावे, “या ओटीपीने तुमचे कार्ड एका फोनमध्ये बसवले जाईल.” आज हा अर्थ इंग्रजी वाक्याच्या मध्यावर कुठेतरी दडलेला असतो आणि घाईत आकडे तेवढे वाचले जातात.

व्यवहार नाकारला की मशीनच्या पडद्यावर किंवा चिठ्ठीवर बहुधा दोन आकडी संकेत येतो, आणि नकाराचे कारण त्यातच असते. ५१ म्हणजे शिल्लक कमी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, ५५ म्हणजे पिन चुकला, ६१ म्हणजे मर्यादा ओलांडली, ९१ म्हणजे बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. ५७ म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करण्याची मुभा नाही. टॅपची सोय बंद असल्यावर जे संकेत येतात त्यांतला हा एक. दुकानदारांनी हे आकडे गल्ल्याशेजारी लिहून लावावेत. मशीन पुरवणाऱ्या कंपन्यांनी तर नुसते ‘डिक्लाइन्ड’ दाखवणे थांबवून, बँकेकडून तसा संकेत येईल तेव्हा पडद्यावर मराठीत लिहावे: “या कार्डावर टॅपची सोय बंद आहे. कार्ड मशीनमध्ये घाला किंवा बँकेच्या ॲपमधून सोय सुरू करा.”

आपला,
कार्ड-मशीन सेवेतील एक वाचक, ठाणे